सरकारी खुर्चीत बसणाऱ्या श्रद्धाळू माणसाने आपली श्रद्धा ठेवायची कुठे?

दफ्तरी

नमस्कार मंडळी. इथे एरवी नुसता वाचत असतो, आज विचारायला आलोय.

मी सरकारी नोकर, परवाने देणाऱ्या शाखेत. माझ्या टेबलावर येणाऱ्या अर्जांमध्ये मद्यविक्रीचे अर्जही असतात. मी रोज पहाटे ध्यानाला बसणारा माणूस, आणि आमच्या पंथात दारू पूर्ण वर्ज्य. पिणं सोडाच, त्या धंद्याला हातभार लावणंही पाप मानतात. तरी काम आजवर नियमाप्रमाणे केलं आहे. कागद पुरे असले की टिपणी चढवायची, वर साहेबांची सही होते.

परवा शाखेत नव्याने आलेल्या सहकाऱ्याने सरळ विचारलं, "तुम्ही ज्याला पाप म्हणता त्याचीच शिफारस लिहिताना हात अडखळत नाही का?" मी काही बोलायच्या आत पलीकडच्या टेबलावरून दुसरे म्हणाले, "अडखळायचा असेल तर घरी अडखळू दे, इथे पगार घेतोय." मला दोघांचंही पटलं, म्हणून जास्तच गोंधळ झाला.

तर प्रश्न असा. धर्म आणि सरकार वेगळं ठेवावं, हे ऐकत मोठा झालो. प्रत्यक्षात बघतो तर मंत्री देवाच्या नावाने शपथ घेतात, कुठल्या संसदेत कामकाजाआधी प्रार्थना होते, कुठल्या राज्यघटनेत धर्मच लिहिलेला असतो. मग वेगळं आहे तरी काय? आणि धर्म नको पण अध्यात्म चालेल, म्हणजे ध्यान, सदसद्विवेक वगैरे, असं जे हल्ली म्हणतात, त्याला वेगळा नियम आहे का?

तर्कट

यात अवघड काय आहे? धर्म घरात, सरकार कचेरीत. अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष जेफरसन यांनी 1802 मध्येच लिहून ठेवलंय की धर्मसंस्था आणि राज्य यांच्यात भिंत हवी. दोनशे वर्षं उलटली तरी लोक त्या भिंतीला खिडकी पाडायला निघालेत. तुमच्या पलीकडच्या टेबलावरचे गृहस्थ बरोबर बोलले.

श्रद्धाळू पण हट्टी

तर्कट, तुमची ही भिंत ब्रिटिश खासदार विल्बरफोर्सच्या काळात पक्की असती तर 1807 मध्ये ब्रिटिश संसदेने गुलामांच्या व्यापारावर बंदी घातली असती का? तो माणूस त्या लढ्यात वीस वर्षं उभा राहिला तो त्याच्या ख्रिस्ती श्रद्धेच्या बळावर. मार्टिन ल्यूथर किंग तर चर्चमधला धर्मोपदेशक. त्यांना सांगणार होतात का, की बायबल घरी ठेवा आणि मग समतेबद्दल बोला?

आणि देव काढून टाकला की शहाणपण येतं म्हणावं, तर सोव्हिएत रशियाकडे बघा. 1931 मध्ये मॉस्कोतलं सर्वांत भव्य कॅथेड्रल सुरुंग लावून पाडलं. तिथे 'सोव्हिएतांचा प्रासाद' नावाची अवाढव्य सरकारी इमारत उभी राहायची होती, ती राहिली नाही, आणि शेवटी त्या खड्ड्यात पोहण्याचा तलाव केला. धर्माला हाकललं म्हणून तिथे नागरिकाला मोकळा श्वास मिळाला असं काही दिसलं नाही.

दफ्तरीभाऊ, हात अडखळतो हे चांगलं लक्षण आहे. अडखळू द्या.

जुना प्रतिवेदक

दफ्तरी साहेब, मी उभी नोकरी विधिमंडळात प्रतिवेदक म्हणून काढली. म्हणजे सभागृहात जे बोललं जातं ते लघुलिपीत टिपायचं, मग खोलीत जाऊन उलगडून लिहायचं, आणि ते अधिकृत वृत्तात जायचं. देव, धर्म, संत, शाप, पुण्य, सगळं या हाताखालून गेलंय. त्यामुळे तुमच्या प्रश्नाकडे मी एकाच खिडकीतून बघतो. त्या वृत्तात काय जातं आणि त्यावर कोणाला प्रश्न विचारता येतो?

आधी तर्कट यांच्या भिंतीबद्दल. जेफरसनने ते पत्र लिहिलं 1 जानेवारी 1802 ला, डॅनबरी गावच्या बॅप्टिस्ट या ख्रिस्ती पंथाच्या मंडळींना. दोनच दिवसांनी रविवार होता, आणि हेच राष्ट्राध्यक्ष महाशय प्रतिनिधिगृहाच्या दालनात भरलेल्या ख्रिस्ती उपासनेला जाऊन बसले. तेव्हा तिथे रविवारी उपासना होत असे. म्हणजे भिंत लिहिणाऱ्यालाही ती नेमकी कुठून जाते हे आपल्याला वाटतं तेवढ्या ठळकपणे दिसत नव्हतं. किंवा दिसत होतं आणि आपणच ती चुकीच्या जागी शोधतोय.

प्रार्थनेचंही तसंच. ब्रिटनच्या हाउस ऑफ कॉमन्समध्ये रोज कामकाजाआधी प्रार्थना होते आणि सभासद भिंतीकडे तोंड करून उभे राहतात. गंमत अशी की प्रार्थनेला हजर राहणाऱ्याला आपलं कार्ड लावून त्या दिवसापुरती जागा राखून ठेवता येते. दालनात सगळ्या सभासदांना पुरतील एवढ्या जागाच नाहीत. तेव्हा गर्दीच्या दिवशी भक्ती किती आणि बाकाची ओढ किती, ते ज्याची प्रार्थना चालली आहे त्यालाच ठाऊक. त्याच संसदेच्या वरच्या सभागृहात इंग्लंडच्या चर्चचे 26 बिशप पदसिद्ध बसतात, आणि राजा त्या चर्चचा सर्वोच्च शास्ता. कागदावर पाहिलं तर हे धर्मराज्यच. पण तिथला कायदा बिशपांच्या नाकावर टिच्चून मंजूर होतो, कारण 26 मतं ही 26 मतंच असतात.

शपथेची गोष्ट मात्र जरा सावकाश सांगतो, कारण ती माझ्या आवडीची आहे. चार्ल्स ब्रॅडलॉ नावाचा उघड नास्तिक 1880 मध्ये नॉर्दम्प्टनमधून निवडून आला. म्हणाला, मी देवाला मानत नाही, मला देवाचं नाव न घेता प्रतिज्ञा करू द्या. सभागृहाने नकार दिला. तो म्हणाला, बरं, मग शपथ घेतो. सभागृह म्हणालं, तुझ्या शपथेला अर्थ नाही, तू तर देव मानत नाहीस! हटून बसला म्हणून एक रात्र घड्याळाच्या मनोऱ्यात कोंडून ठेवला. मतदारही हट्टी. त्यांनी पोटनिवडणुकांत त्याला पुन्हा पुन्हा निवडून दिलं. अखेर 1886 मध्ये नव्या अध्यक्षांनी कोणाची हरकत ऐकूनच न घेता त्याला शपथ घेऊ दिली. मग 1888 मध्ये खुद्द ब्रॅडलॉच्या पुढाकाराने कायदा झाला आणि ज्याला देवाचं नाव नको त्याला प्रतिज्ञेचा पर्याय मिळाला. त्याआधी लायोनल डी रॉथ्सचाइल्ड 1847 ला निवडून येऊन 1858 पर्यंत बाहेरच होते. कारण शपथेत खऱ्या ख्रिस्ती श्रद्धेचा उल्लेख होता आणि ते ज्यू होते.

भारताच्या संविधानसभेसमोर हाच प्रश्न दुसऱ्या रूपात आला. 17 ऑक्टोबर 1949. ह. वि. कामत यांनी दुरुस्ती मांडली की उद्देशिकेची सुरुवात ईश्वराच्या नावाने व्हावी. अध्यक्ष राजेंद्रप्रसाद स्वतः श्रद्धाळू. देवाचं नाव मताला टाकायला लावू नका, अशी गळ कामतांना घातली गेली. पंडित कुंझरूंनी तर सांगितलं की असं करणं हेच संकुचित होईल, ज्याची श्रद्धा नाही त्याच्यावर ती लादली जाईल. कामत अडून बसले, मतदान झालं. बाजूने 41, विरोधात 68. विरोधात हात वर करणारे सगळे काही नास्तिक नव्हते. त्या सभागृहात घरी देवघर असलेले किती असतील याचा अंदाज तुम्हीच करा. 'आम्ही भारताचे लोक' ही सुरुवात राहिली ती अशी. मात्र शपथेच्या नमुन्यात ईश्वरसाक्ष आणि त्याविना, असे दोन्ही पर्याय ठेवले. आणि त्याच संविधानात 1956 साली 290-क हा अनुच्छेद आला, ज्यान्वये केरळच्या एकत्रित निधीतून दर वर्षी 46 लाख 50 हजार रुपये त्रावणकोर देवस्वम निधीला द्यायचे आहेत. संस्थान विलीन होताना दिलेला शब्द होता तो. संविधानात देवाचं नाव नाही आणि देवस्थानाची रक्कम मात्र आकड्यासकट आहे! ज्यांना सगळं सरळ रेषेत हवं असतं त्यांना हे पाहून त्रास होतो. मला मजा वाटते.

आता श्रद्धाळू यांच्या मुद्द्याकडे येतो. विल्बरफोर्सला बळ कुठून मिळालं, हा त्याचा प्रश्न. संसदेत त्याने काय मांडलं ते बघा. जहाजांत माणसं किती दाटीने कोंबतात, किती वाटेत मरतात, खलाशीही कसे मरतात. 1789 च्या त्याच्या पहिल्या मोठ्या भाषणात असा पुरावाच पुरावा होता. ज्याचा त्याच्या देवावर विश्वास नाही, त्यालाही त्या पुराव्याला उत्तर द्यावं लागलं. आणि बायबल गुलामांच्या मालकांनीही उघडलं होतंच. लिंकनने 1865 च्या दुसऱ्या शपथविधीच्या भाषणात हेच बोलून दाखवलं, की यादवी युद्धातल्या दोन्ही बाजू एकच बायबल वाचतात आणि एकाच देवाची प्रार्थना करतात.

सभागृहात मंत्र्याने उत्तर दिलं की सभासद पुरवणी प्रश्न विचारतात. हे कुठून आणलं, खर्च कोण देणार, नाही जमलं तर काय. मंत्री म्हणाला "मला तशी प्रेरणा झाली", तर पुरवणी कोणाला विचारायची? प्रेरणा मिळायला माझी हरकत नाही. उत्तरात ती एकटीच नको, एवढंच.

तुमचा विषय दारूचा, म्हणून एक उदाहरण अगदी नेमकं आहे. अमेरिकेत 1919 मध्ये अठरावी घटनादुरुस्ती झाली आणि दारूबंदी आली. त्यामागे प्रॉटेस्टंट चर्चमंडळींचं बळ उघड होतं, ते कोणी लपवलंही नाही. पण दुरुस्ती आली ती रीतसर, काँग्रेसमधून आणि राज्यांच्या मान्यतेने. पुढे चोरटा धंदा आणि गुंडांच्या टोळ्या फोफावल्या, मंदीत कराचं उत्पन्नही हवंसं झालं, आणि 1933 मध्ये एकविसाव्या दुरुस्तीने ती तशीच रीतसर मागे गेली. मागे घेताना कोणत्याही बिशपची परवानगी लागली नाही. याउलट इराण घ्या. तिथे संसद निवडून येते, पण कायदा पालक परिषदेपुढे जातो. तिच्या बारांपैकी सहा धर्मशास्त्री सर्वोच्च नेता नेमतो, आणि निवडणुकीला कोणी उभं राहायचं हेही तीच परिषद चाळून ठरवते. तिथल्या मतदाराला तो कायदा चुकला असं वाटलं, तर त्याने बोट ठेवायचं कुठे?

म्हणून भिंतीपेक्षा मी हे विचारतो. निर्णयाचं कारण परक्या श्रद्धेच्या माणसालाही तपासता येतं का, आणि निर्णय चुकला तर ज्या दाराने तो आत आला त्याच दाराने बाहेर काढता येतो का? फार लांबलं. जुनी खोड.

परदेशस्थ

काकांचं वाचताना माझा इथला अनुभव आठवला. मी जर्मनीत राहते. नवीन घरी आलं की नगरकार्यालयात पत्ता नोंदवावा लागतो आणि त्या अर्जात धर्माचा रकाना असतो. मी कुतूहलाने विचारलं, हा कशाला? खिडकीपलीकडच्या बाई शांतपणे म्हणाल्या, करासाठी. कॅथलिक किंवा प्रॉटेस्टंट चर्चचे सदस्य असाल तर प्राप्तिकराच्या रकमेवर आणखी 8 किंवा 9 टक्के, राज्यानुसार, चर्चचा कर म्हणून कापला जातो. तो गोळा करतं सरकारचं करखातं, आणि चर्च त्याबद्दल सरकारला मोबदला देतं. नको असेल तर न्यायालयात किंवा नोंदणी कार्यालयात जाऊन, मी चर्च सोडलं, असं रीतसर सांगायचं. माझा रकाना रिकामा.

आधी मला हे फारच विचित्र वाटलं. सरकारने वर्गणी गोळा करायची? पण त्याच देशाच्या संविधानात, राज्याचं चर्च नाही, असं स्पष्ट आहे. ते वाक्य 1919 च्या वायमार संविधानातून जसंच्या तसं उचललंय. फ्रान्सची तऱ्हा आणखी न्यारी. 1905 च्या कायद्याने त्यांनी चर्चचा खर्च थांबवला, पण आल्सेस आणि मोझेल हे भाग तेव्हा जर्मनीकडे होते, तो कायदा तिथे लागूच झाला नाही, म्हणून त्या भागातल्या धर्मगुरूंना आजही फ्रेंच सरकार पगार देतं. कडक निधर्मी म्हणून मिरवणारा देश हा!

एवढ्या गुंतागुंतीतही रोजच्या आयुष्यात मला धर्माचा काच जाणवलेला नाही. रकाना रिकामा ठेवला म्हणून त्या खिडकीवर माझं काम अडलं नाही.

तर्कट

पगार सरकारने दिला की धर्मगुरू सरकारचा नोकर होतो, याबद्दल कोणी बोलत नाही. तुर्कस्तानने 3 मार्च 1924 ला खिलाफत बरखास्त केली आणि त्याच दिवशी धर्मव्यवहाराचं सरकारी खातं काढलं. आज तिथले इमाम सरकारी पगारावर आहेत. हा कसला निधर्मीपणा? यात धर्माचंच नुकसान जास्त, हे श्रद्धाळू लोकांना कळत कसं नाही?

श्रद्धाळू पण हट्टी

चमत्कार झाला, तर्कट आणि मी एका बाजूला. सरकारी देवाला माझाही विरोध आहे. भूतानने 2008 च्या संविधानात बौद्ध धर्माला देशाचा आध्यात्मिक वारसा म्हटलंय आणि पुढेच सांगितलंय की धर्मसंस्थांनी राजकारणाच्या वर राहावं. भिक्षूंना तिथे मतदानही नाही. मला हे पूर्ण पटत नाही. माणूस भिक्षू झाला म्हणून त्याचं मत का काढून घ्यायचं? पण धर्माला जपायचं तर सत्तेपासून जपायचं, हा त्यामागचा विचार मला कळतो.

दफ्तरी

सगळ्यांचे आभार, विशेषतः प्रतिवेदक काकांचे. अध्यात्माबद्दल विचारलं होतं ते राहिलं. विचारायचं कारण, आमच्या एका वरिष्ठांनी आठवड्याच्या बैठकीआधी दहा मिनिटं ध्यान सुरू केलंय. धर्माचा काही संबंध नाही, ऐच्छिक आहे, असं सांगितलं. मला स्वतःला आवडतं. पण शेजारच्या टेबलावरचे एक जण डोळे उघडे ठेवून बसतात आणि मला त्यांचं अवघडलेपण दिसतं.

जुना प्रतिवेदक

दहा मिनिटांनी कोणाचं बिघडत नाही. पण गोपनीय अहवाल ज्याच्या हातात आहे त्याने आधी डोळे मिटले की 'ऐच्छिक' या शब्दात फारसा दम राहत नाही. उघड्या डोळ्यांनी बसणारे तुमचे शेजारी मला धीट वाटतात.

संयुक्त राष्ट्रांच्या मुख्यालयात ध्यानाची खोली आहे. सरचिटणीस डाग हमरशोल्ड यांनी जातीने लक्ष घालून ती नव्याने घडवून घेतली आणि 1957 मध्ये खुली केली. माणूस आतून फार आध्यात्मिक होता, पण हे लोकांना नीट कळलं ते 1961 मध्ये ते गेल्यावर, त्यांची टिपणवही छापली गेली तेव्हा. त्या खोलीत कोणत्याही धर्माचं चिन्ह नाही. मधोमध लोहखनिजाचा साडेसहा टनांचा ठोकळा आहे आणि त्यावर वरून प्रकाशाचा झोत. ज्याला जायचंय त्याने जावं. हमरशोल्ड यांनी सुरक्षा परिषदेची बैठक मात्र कोणाला डोळे मिटायला लावून सुरू केली नाही. तुमच्या वरिष्ठांना एक खोली मोकळी करून द्यायला सांगा आणि बैठक वेळेवर सुरू करायला सांगा.

दुसरं टोकही ऐकून ठेवा. 1988 मध्ये अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष रेगन यांच्या माजी प्रमुख अधिकाऱ्याने उघड केलं की राष्ट्राध्यक्षांचे प्रवास आणि कार्यक्रम त्यांच्या पत्नी नॅन्सीबाई एका ज्योतिषीणबाईंना विचारून ठरवत होत्या. लोक हसले. मला त्यात हसण्यापेक्षा वेगळं काही दिसतं. इतक्या मोठ्या देशाच्या प्रमुखाचं वेळापत्रक ज्या सल्ल्यावर हलत होतं त्याची कुठेच नोंद नव्हती. पुरवणी विचारणार कोण आणि कोणाला? अध्यात्माला धर्माचा नियम लागत नाही असं म्हणणाऱ्यांनी एवढं लक्षात घ्यावं. धर्मसंस्थेला निदान पत्ता तरी असतो.

श्रद्धाळू पण हट्टी

काका, बाकी सगळं मान्य. पण दफ्तरीभाऊंच्या मूळ प्रश्नाला तुम्ही बगल दिलीत. त्यांनी शिफारस लिहायची की नाही? मन नको म्हणत असेल तर?

जुना प्रतिवेदक

बगल नाही, वळसा घेतला. घ्या, सरळ सांगतो.

2015 मध्ये अमेरिकेत केंटकी राज्यात किम डेव्हिस नावाच्या काउंटी क्लार्कने समलिंगी जोडप्यांना विवाहाचे परवाने द्यायचं नाकारलं. कारण तिची श्रद्धा. कोणावर वेगळा अन्याय नको म्हणून तिने सगळ्यांचेच परवाने बंद केले. न्यायालयाचा आदेश झाला, तोही मोडला, आणि अवमानाबद्दल ती पाच दिवस तुरुंगात होती. त्या दिवसांत तिच्या कार्यालयातल्या इतरांनी परवाने दिले. पुढच्या वर्षी राज्याने कायदा बदलून परवान्याच्या नमुन्यातून क्लार्कचं नावच काढून टाकलं. म्हणजे तिचं मन आणि लोकांचं काम, दोन्ही सांभाळणारी वाट निघत होती. त्यासाठी आधी परवाने रोखायची गरज नव्हती.

तुमच्यासाठी त्यातून एवढंच. मनाला खरंच सोसत नसेल तर वरिष्ठांना लेखी द्या की हा विषय दुसऱ्या टेबलाकडे द्यावा. आणि हे फाइल हातात नसताना द्या. एखादा अर्ज समोर आल्यावर दिलंत तर त्या अर्जदाराची ती अडवणूक होते.

श्रद्धाळू पण हट्टी

आणि वरिष्ठ नाही म्हणाले तर?

जुना प्रतिवेदक

तर बदली मागायची, तीही नाही मिळाली तर लिहायचं किंवा सोडायचं. जड आहे, कबूल. पण नोकरी सोडली तर आपल्या श्रद्धेची किंमत आपण मोजतो. फाइल दाबून ठेवली तर ती किंमत समोरचा अर्जदार मोजतो, आणि त्याला कोणी विचारलेलं नसतं.

दफ्तरी

काका, शेवटचं. टिपणीत "जनहिताच्या दृष्टीने शिफारस करता येत नाही" असं लिहिलं तर? ते तर धर्माचं कारण नाही, आणि दारूने घरं उद्ध्वस्त होतात हे खोटंही नाही.

जुना प्रतिवेदक

खोटं अजिबात नाही. दारूबंदी हवी असेल तर आमदाराला पत्र लिहा, रजेच्या दिवशी मोर्चाला जा, नोकरीचे नियम जेवढं करू देतील तेवढं सगळं करा. पण या अर्जावर 'जनहित' लिहिताना तुम्हाला स्वतःला ठाऊक आहे की खरं कारण दुसरं आहे. अर्जदार अपिलात गेला तर तो खोडून काय काढणार? जे लिहिलंय त्याच्याशी तो भांडत बसेल आणि जे लिहिलेलं नाही ते तुमच्याकडेच राहील.

नियमात शाळेपासूनचं अंतर दिलेलं असेल ना? मोजून घ्या. कमी भरलं तर तेवढंच लिहा आणि नाकारा. पुरेसं भरलं तर शिफारस लिहा.

दफ्तरी

अंतर मोजलंय. पुरेसं भरतंय. उद्या टिपणी पाठवतो. टेबल बदलून मिळावं म्हणून अर्ज मात्र पुढच्या महिन्यात करेन, हातातल्या तीन फाइली संपल्यावर.